चौथ्या फांदीपर्यंत

मायमूची गाय अडली आहे, समुद्रापलीकडे, बेटावर.
बोट धक्क्याला गोठून बसली आहे.
राहिला बर्फावरचा रस्ता,
आणि बर्फाबद्दल या गावात
बर्फापेक्षा जास्त बोललं जातं.

दुकानात शिरल्या शिरल्या भेटतो तो आर्वेद.
नेहमी तोच पहिला भेटतो,
दाराजवळचं स्टूल त्याचं.
"ट्रक घाल, ट्रक! काही होत नाही."
टायरच्या साखळ्या विकतो तो.

शेल्फाशी साल्मे, हळू आवाजात:
"कालच एकजण बुडाला."
कोण?
"कुणीतरी. पार्नूकडचा."
कुठे?
ती पाव दाबून बघू लागते.
हीच बातमी मी परवा पेट्रोलपंपावर ऐकली,
तेव्हा बुडाला होता तो कुत्रा.

तिघांनी सांगितलं, पंचवीस सेंटिमीटर.
तिघं म्हटल्यावर मला धीर आला.
मग कळलं, तिघांनीही आर्वेदचंच ऐकलंय;
एकच माणूस तीन कोटांतून बोलत होता.

खिडकीशी सुतळीला टांगलेली हेल्दुरची वही.
तिच्याकडे कुणी वळत नाही, ती ओरडत नाही.
चौकटींच्या पानावर, पेन्सिलीनं:
"सोमवार, सकाळी सात. दुसरी फांदी २६.
तिसरी २४. चौथी २३, बर्फ वरून दुधाळ."
जुनिपरच्या फांद्या रोवतात इथे, रस्ता चुकू नये म्हणून.
खाली, वेगळ्या दाबानं:
"बुधवार. सोमवारचा चौथीचा आकडा चूक.
काठी तिरकी गेली होती. १९ धरा.
पाचवीपुढचं माहीत नाही."

त्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून मी उभी राहिले.
सकाळपासून कुणी म्हणालं नव्हतं, माहीत नाही.
जनावरांच्या डॉक्टरला हे शब्द घरचे;
खांद्यापर्यंत हात आत गेल्यावर
आम्ही फार वेळा हेच पुटपुटतो.

पण बुधवार.
आज शनिवार, आणि मधले दोन दिवस वारा दक्षिणेचा.
खरा माणूसही शिळा होतो.
पावासारखा नाही,
बर्फासारखा: वरून तसाच दिसतो.

हेल्दुरच्या घरी गेले.
छातीत घरघर, गळ्याला लोकरीचा मोजा गुंडाळलेला.
"वही वाचली. काय म्हणता, जाऊ?"
तो रागावलाच.
"तीन दिवस अंथरुणात आहे मी. मला काय विचारतेस?
गिरमिट दाराआड आहे."

पहिली फांदी २७.
दुसरी २५.
तिसरीला काळं पाणी लवकरच वर आलं. २०.
चौथीला पोटावर झोपून मोजलं.
चौदा.
दोनदा मोजलं, कारण मला चौदा नको होतं.

समोर बेट, मायमूच्या गोठ्यातला दिवा.
तिथेच गुडघ्यांवर बसून तिला फोनवर सांगत राहिले,
दोरी कुठे बांध, कधी ओढ, कधी थांब.
"हाताला काय लागतंय? पाय की डोकं?"
"दात," ती म्हणाली. "बोटाला दात लागले."
पुढचं काही विचारलं नाही.
त्या एका शब्दावर आम्ही दोघी कामाला लागलो.

वासरू रात्री अकराला उभं राहिलं, असं मायमू म्हणते.
मी पाहिलेलं नाही.

दुकान बंद व्हायच्या आत वहीत लिहिलं होतं:
तारीख, वेळ, चार आकडे. गिरमिट हेल्दुरचं.
चौथीला उजेड कमी होता.
त्यापलीकडे मी गेले नाही.
विर्वे तामसालू.

सकाळी पाहते तर माझ्या चौदाशेजारी
कुणीतरी लहानसं प्रश्नचिन्ह काढलेलं.
आर्वेद स्टुलावरून हसला.
मी गिरमिट उचललं.